लातूरच्या मोंढ्यातला सोयाबीनचा भाव आणि सेमीपॅरामेट्रिक मॉडेल: आकड्यांच्या साफसफाईपासून अंदाजापर्यंत

लातूरच्या मोंढ्यात पुढच्या आठवड्यात सोयाबीनचा भाव किती हलेल, याचं रेषीय मॉडेल बांधायला अवघड नाही. मागच्या आठवड्यातला बदल घ्या, इंदूरचा भाव घ्या, दोन्ही बाजारांच्या भावांमधली तफावत घ्या आणि रिग्रेशन चालवा, म्हणजे आकड्यांवर सरळ रेषेचं समीकरण बसवा. गुणकांची चिन्हं अपेक्षेप्रमाणे येतात, आलेखही बरा दिसतो. तरीही दोन बाजारांतली तफावत वाढली की नेमका तेव्हाच अंदाज चुकतो. तफावत टक्का-दीड टक्का असताना कुणी खरेदी इकडची तिकडे हलवत नाही, कारण गाडीभाडं, हमाली आणि घट धरली तर हाती काही उरत नाही. तीच तफावत पाच-सहा टक्क्यांवर गेली की तेलगिरण्या आणि मोठे खरेदीदार बाजार बदलतात आणि भाव झपाट्यानं एकमेकांकडे सरकतात. सरळ रेषा या दोन्ही परिस्थितींची सरासरी काढते. त्यामुळे मधल्या पट्ट्यात ती उगाच ओढ दाखवते आणि टोकाला खरी ओढ कमी दाखवते.

सगळंच वक्राच्या हवाली करणं, म्हणजे प्रत्येक चलासाठी आकार आकड्यांनाच ठरवू देणं, हा यावरचा उपाय नव्हे. त्यासाठी लागतील इतके आकडे कुणाकडेच नसतात. जिथे नात्याचा आकार माहीत आहे तिथे साधा गुणक ठेवायचा आणि जिथे माहीत नाही त्या एकाच जागी वक्र मोकळा सोडायचा, ही सेमीपॅरामेट्रिक पद्धत. १९८६ साली एंगल, ग्रेंजर, राइस आणि वाइस यांनी अमेरिकेतल्या वीजविक्रीचं तापमानाशी असलेलं नातं असंच मांडलं: बाकीचे चल रेषीय आणि तापमानाचा परिणाम वक्र. १९८८ साली रॉबिन्सननं दाखवून दिलं की अशा मॉडेलमधले रेषीय गुणक साध्या रिग्रेशनच्याच वेगानं अचूक होत जातात, म्हणजे वक्र मोकळा सोडल्याची किंमत गुणकांना मोजावी लागत नाही. पुढची सगळी कृती या एका निष्कर्षावर उभी आहे.

आपलं मॉडेल असं:

लातूरचा बदल = बीटा१ × लातूरचा मागचा बदल + बीटा२ × इंदूरचा मागचा बदल + बीटा३ × सणाचा आठवडा + ग(मागची तफावत) + त्रुटी

भाव लॉगमध्ये घ्यायचे. बदल म्हणजे या आठवड्याचा लॉग भाव वजा मागच्या आठवड्याचा. तफावत म्हणजे लातूरचा लॉग भाव वजा इंदूरचा. १००नं गुणलं की दोन्ही साधारण टक्क्यांत वाचता येतात. बीटा हे साधे गुणक, ग हा मोकळा वक्र. लातूर इंदूरपेक्षा फार खाली असेल तर ग धन यायला हवा, फार वर असेल तर ऋण, आणि मधे सपाट. पण हे आपण मॉडेलवर लादत नाही. आकडे तसं बोलतात का, एवढंच पाहायचं आहे.

आकडे गोळा करताना

रोजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, शिवाय आवक, हे ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजारनिहाय मिळतं. सर्वसाधारण भाव घ्या. किमान भाव भिजलेल्या, डागी मालाचा असतो आणि कमाल भाव अनेकदा एखाद्या निवडक ढिगाचा, त्यामुळे दोन्ही उड्या मारतात. दहा वर्षांचे आठवडी आकडे म्हणजे सुमारे ५२० नोंदी. पुढची सगळी उदाहरणं याच संख्येवर आहेत.

रोजच्या भावांवरून आठवड्याचा भाव काढताना आवकेनं भारित सरासरी घ्यावी. शनिवारी दोनशे क्विंटल आले आणि सोमवारी वीस हजार, तर दोन्ही दिवसांना सारखं वजन देण्यात अर्थ नाही. सलग तीन-चार दिवस भाव आणि आवक दोन्ही तंतोतंत तेच दिसले, तर ती नोंद पुढे ढकललेली असण्याची शक्यता धरून पहिला दिवस ठेवा, बाकीचे काढा. भाव शेजारच्या दिवसांपेक्षा दसपटीनं कमी-जास्त असेल तर शून्याची गडबड आहे. ही साफसफाई कंटाळवाणी असली तरी इथे जास्त काटेकोर राहावं लागतं, कारण वक्र चुकीच्या नोंदीकडे सरळ रेषेपेक्षा कितीतरी सहज वाकतो. एका बिघडलेल्या आकड्यासमोर रेषेला ५१९ इतर आकडे सावरून धरतात. वक्राला टोकाकडे सावरायला जेमतेम पंधरा-वीस असतात.

बंद आठवडे भरून काढू नका. दिवाळीत मोंढा बंद असतो, वेळा अमावस्येला लातूर-धाराशिवकडे सगळे शेतात असतात, आणि २०२०च्या टाळेबंदीत बाजार विस्कळीत होते. अशा जागी मधला भाव रेष ओढून भरला तर कृत्रिम सलगता तयार होते आणि ग मधे खोटा सपाटपणा येतो. आठवडा सरळ वगळा आणि ज्या नोंदीला मागचा आठवडाच नाही तीही वगळा.

सणासाठी वेगळा शून्य-एक चल हवाच. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ साली १२ नोव्हेंबरला, २०२४ साली १ नोव्हेंबरला. इंग्रजी महिन्यांवर बसवलेला कुठलाही ऋतुवक्र ही सरक पकडू शकत नाही, आणि सोयाबीनच्या आवकेचा भर नेमका याच काळात असतो.

ऑक्टोबरमधला ओलावाही लक्षात ठेवा. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४च्या खरीप हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. पाऊस लांबला की ओल्या मालानं सर्वसाधारण भाव खाली येतो, तेव्हा बाजार पडलेला नसतो, माल बदललेला असतो. ओलाव्याचे आकडे सहसा मिळत नाहीत. निदान हंगामाच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांचा वेगळा चल घालून त्याचा परिणाम रेषीय भागात बाजूला काढावा.

वक्र बसवण्याआधीची तपासणी

भावाची पातळी थेट वक्रात घालू नका. सोयाबीन २०२१च्या पावसाळ्यात दहा हजार रुपये क्विंटलच्या आसपास पोचलं आणि २०२४च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभावाच्याही खाली होतं. अशी भटकणारी मालिका एकेका पातळीवर पुन्हा पुन्हा येत नाही. कर्नल पद्धतीचा, म्हणजे जवळच्या नोंदींना जास्त वजन देऊन सरासरी काढण्याचा, सगळा आधार मात्र याच गोष्टीवर असतो, की एका बिंदूच्या आसपास मालिका वेगवेगळ्या काळात अनेकदा येऊन गेलेली असावी. आठ हजारांच्या आसपासच्या सगळ्या नोंदी २०२१-२२च्याच असतील, तर तिथला वक्र आपल्याला भावाबद्दल काही सांगत नाही, त्या वर्षाबद्दल सांगतो.

तफावत मात्र दरवर्षी खालीवर होऊन परत येते, म्हणून ती वक्रात चालते. ती खरंच स्थिर आहे का, हे तपासायला नेहमीची डिकी-फुलर चाचणी पुरेशी नाही. मधला पट्टा सपाट असेल तर तिथे तफावत जवळपास स्वैर भटकते आणि ही चाचणी स्थिर मालिकेलाही अस्थिर ठरवून मोकळी होते. अशा अरेषीय परतीसाठी कपेटानिओस, शिन आणि स्नेल यांनी २००३ साली मांडलेली चाचणी सोबत लावावी.

डिसेंबर २०२१मध्ये सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले. त्याआधी इंदूर-लातूरचे व्यापारी वायद्याचा भाव बघून बोली लावत, नंतर तो संदर्भ गेला. म्हणून सगळं मॉडेल आधी पूर्ण मालिकेवर आणि मग या तारखेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळं चालवून दोन वक्र एकाच आलेखावर काढावेत. आकार सारखा असेल तरच मालिका एकत्र ठेवायची.

आता साधं रेषीय मॉडेल चालवा आणि त्याचे अवशेष, म्हणजे खरा आकडा वजा अंदाज, तफावतीसमोर मांडा. तफावतीच्या क्रमानं नोंदी दहा गटांत विभागून प्रत्येक गटातल्या अवशेषांची सरासरी काढली तरी पुरे. डावीकडचे गट धन, मधले शून्याजवळ किंवा उलट्या चिन्हाचे आणि उजवीकडचे ऋण असतील तर वक्राची गरज आहे. सगळे शून्याभोवती विखुरलेले असतील तर रेषीय मॉडेल ठेवा. पुढचे कष्ट वाया जातील.

वक्रात एकच चल का

आवकही वक्रात घालावी, हंगामही घालावा, असा मोह प्रत्येकाला होतो. त्याचा हिशेब करून पाहा. चल एक असेल तर वक्राची चूक साधारण नोंदींच्या संख्येच्या उणे दोन-पंचमांश घाताप्रमाणे घटते. दोन चलांच्या मोकळ्या पृष्ठभागासाठी हाच घात उणे एक-तृतीयांश होतो, तीन चलांसाठी उणे दोन-सप्तमांश. ५२० आठवड्यांत एका चलाला जी अचूकता मिळते, तेवढीच दोन चलांना मिळवायला सुमारे १,८०० आठवडे, म्हणजे ३५ वर्षं लागतात. तीन चलांना सुमारे ६,३०० आठवडे, म्हणजे १२० वर्षांहून अधिक. स्थिरांक बाजूला ठेवून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण निर्णय घ्यायला पुरतो.

आवक घ्यायचीच असेल तर दोन स्वस्त मार्ग आहेत. एक, तफावतीचा वक्र अधिक आवकेचा वक्र अशी बेरीज. पृष्ठभाग नाही, दोन सुटे वक्र. दुसरा बदलत्या गुणकाचा, त्याकडे पुढे येऊ. दोन्हींत मागच्या आठवड्याची आवक घ्या, या आठवड्याची नको. शेतकरी भाव बघून माल आणतात, गोदामात ठेवतात, तारण कर्ज काढतात. भाव आवकेमुळे हलला की आवक भावामुळे, हे त्याच आठवड्याच्या आकड्यांतून सुटत नाही, आणि वक्र ही गाठ आणखी घट्ट करतो.

दुहेरी अवशेषांची कृती

रॉबिन्सनची रीत अशी. आधी लातूरचा बदल तफावतीवर कर्नलनं गुळगुळीत करा आणि त्याचे अवशेष ठेवा. मग रेषीय भागातला प्रत्येक चल, सणाचा शून्य-एक चलसुद्धा, त्याच तफावतीवर गुळगुळीत करून त्याचेही अवशेष काढा. पहिल्या अवशेषांचं दुसऱ्या अवशेषांवर साधं रिग्रेशन करा, स्थिरांक न घालता. मिळाले ते बीटा. शेवटी लातूरच्या बदलातून बीटांचा भाग वजा करा आणि उरलेलं पुन्हा तफावतीवर गुळगुळीत करा. तो ग.

स्थिरांक न घालण्याचं कारण: तो ग मधेच मुरलेला असतो, वेगळा ओळखता येत नाही. याच कारणानं तफावतीवरून तंतोतंत काढता येईल असा कुठलाही चल रेषीय भागात ठेवायचा नाही, उदाहरणार्थ तफावतीचा वर्ग किंवा तफावत ऋण आहे का हे सांगणारा शून्य-एक चल. तसा चल घातला तर त्याचे अवशेष जवळजवळ शून्य होतात आणि गुणक हजारांत जातो. गुणक अचानक अफाट आला तर पहिली शंका हीच घ्या.

फक्त लातूरचा बदल गुळगुळीत करून उजवीकडचे चल तसेच ठेवायचे, असा शॉर्टकट वापरलेला दिसतो. तो टाळावा. इंदूरचा मागचा बदल आणि तफावत यांचा संबंध असतोच, कारण इंदूर उसळलं की तफावत ऋण होते. तो संबंध काढून टाकला नाही तर वक्राचा पूर्वग्रह, म्हणजे एकाच दिशेला होणारी चूक, बीटामध्ये शिरतो. दोन्ही बाजू गुळगुळीत केल्यानं वक्रातली छोटी चूक बीटापर्यंत जवळजवळ पोचत नाही. म्हणूनच एकच चल वक्रात असताना अंदाजासाठी चांगली असणारी बँडविड्थ (किती दूरपर्यंतच्या नोंदींना वजन द्यायचं तो पल्ला) बीटासाठीही चालते.

कर्नल नेमकं काय करतो आणि बँडविड्थ किती फरक पाडते, हे पाच काल्पनिक आठवड्यांवर हातानं करून पाहण्यासारखं आहे. समजा मागची तफावत अनुक्रमे उणे ६, उणे ३, उणे १, अधिक १ आणि अधिक ५ टक्के होती, आणि पुढच्या आठवड्यात लातूरचा भाव अनुक्रमे २.४, ०.३, उणे ०.२, ०.४ आणि उणे १.६ टक्के हलला. आपल्याला तफावत उणे ३ असताना अपेक्षित बदल हवा आहे. गॉसियन कर्नल घ्या. बँडविड्थ १ टक्का असेल तर पाच आठवड्यांची वजनं ०.०११, १, ०.१३५, ०.०००३ आणि जवळपास शून्य येतात. भारित सरासरी ०.२६ टक्के. आता बँडविड्थ ३ करा. वजनं ०.६०७, १, ०.८०१, ०.४११ आणि ०.०२९ होतात, सरासरी ०.६० टक्के. म्हणजे उणे ६ वरच्या जोरदार ओढीचा हिस्सा उणे ३ वर येऊन बसला. शोधायला निघालो होतो तो सपाट पट्टा रुंद बँडविड्थनं पुसला.

खऱ्या कामात साध्या भारित सरासरीऐवजी स्थानिक रेषीय रीत वापरा: प्रत्येक बिंदूभोवती त्याच वजनांनी छोटी सरळ रेषा बसवायची आणि त्या बिंदूवरची तिची किंमत घ्यायची. टोकांना आकडे एकाच बाजूला असतात. तिथे साधी सरासरी आतल्या बाजूला ओढली जाते आणि वक्र खोटा सपाट होतो. आपल्याला तर टोकाचीच ओढ मोजायची आहे.

बँडविड्थ कशी ठरवायची

सुरुवात म्हणून तफावतीच्या प्रमाण विचलनाला १.०६नं गुणा आणि नोंदींच्या संख्येच्या पंचमूळानं भागा. ५२०चं पंचमूळ सुमारे ३.४९, म्हणजे बँडविड्थ प्रमाण विचलनाच्या ०.३ पट. प्रमाण विचलन ३ टक्के असेल तर ०.९ टक्के. हा नियम मुळात घनता-आलेखासाठीचा आहे, त्यामुळे इथे तो फक्त शोधाचा आरंभबिंदू.

मग क्रॉस-व्हॅलिडेशन. नेहमीच्या रीतीत एक नोंद बाहेर ठेवून बाकीच्यांवरून तिचा अंदाज घेतात. काल-मालिकेत ते धोक्याचं आहे, कारण शेजारच्या आठवड्यांच्या त्रुटी एकमेकींना चिकटलेल्या असतात. या आठवड्याची नोंद काढली तरी मागचा-पुढचा आठवडा तिची त्रुटी सांगून टाकतो, आणि अरुंद बँडविड्थ विनाकारण जिंकते. म्हणून ज्या आठवड्याचा अंदाज घ्यायचा तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे काही आठवडे एकत्र बाहेर ठेवा. अवशेषांचा स्वसहसंबंध, म्हणजे त्यांच्याच मागच्या आठवड्यांशी असलेला संबंध, किती आठवड्यांनी विझतो ते पाहून ही संख्या ठरवा. चार आठवडे दोन्ही बाजूंना हा वापरण्याजोगा आरंभ आहे. प्रमाण विचलनाच्या ०.१५ पटीपासून १.५ पटीपर्यंत वीसेक किमतींची जाळी पुरते.

निकाल जाळीच्या खालच्या टोकाला चिकटला तर तो स्वीकारू नका. बहुधा पुनरावृत्त नोंदी राहिल्या आहेत किंवा स्वसहसंबंध उरला आहे. वरच्या टोकाला चिकटला तर ते स्थानिक रेषीय रीतीचं सरळ म्हणणं असतं की वक्राची गरज नाही, रेषा पुरे, कारण बँडविड्थ फार वाढवली की ही रीत साध्या रेषेतच विरघळते. चूक-आलेखाचा तळ रुंद आणि सपाट असेल, आणि या आकारमानाच्या मालिकांत तो बहुतेक असतोच, तर त्या तळातल्या दोन-तीन बँडविड्थ घेऊन सगळं पुन्हा चालवा आणि वक्र एकावर एक काढा. एकाच बँडविड्थला दिसणारा उंचवटा किंवा खड्डा अहवालात लिहायचा नाही.

अनिश्चितता

बीटांच्या प्रमाण त्रुटींसाठी न्यूई-वेस्ट रीत लावा. मागचे किती आठवडे धरायचे याचा प्रचलित नियम: नोंदींची संख्या भागिले १००, त्याचा दोन-नवमांश घात, गुणिले ४. ५२० नोंदींना हे ५.८ येतं, म्हणजे ५ घ्या. हंगामात भाव जास्त हलतात, उन्हाळ्यात कमी; या असमान चढउतारांचीही काळजी ही रीत घेते.

वक्राभोवतीचा विश्वासपट्टा ब्लॉक बूटस्ट्रॅपनं काढा. सुटे आठवडे उचलून नवी मालिका बनवली तर आठवड्यांमधला संबंध तुटतो, म्हणून सलग तुकडे उचलायचे. तुकड्याची लांबी नोंदींच्या घनमुळाइतकी, इथे आठ आठवडे. मागचा बदल आणि तफावत हे चल आधी काढून प्रत्येक नोंदीसोबत बांधून ठेवा आणि मगच तुकडे उचला. तसं न केल्यास जोडाच्या जागी एका वर्षाच्या भावातून दुसऱ्या वर्षाचा भाव वजा होतो आणि अशक्य बदल तयार होतात. किमान ९९९ फेऱ्या करा. बँडविड्थ प्रत्येक फेरीत नव्यानं शोधायची गरज नाही, पण पट्टा काढताना मूळ बँडविड्थपेक्षा थोडी अरुंद घ्यावी, म्हणजे वक्राच्या पूर्वग्रहामुळे पट्टा खऱ्या वक्रापासून सरकत नाही.

वक्र तफावतीच्या ५व्या ते ९५व्या शतमकादरम्यानच दाखवा. प्रत्येक बिंदूवर कर्नलच्या वजनांची बेरीज, मधल्या वजनाला एक धरून, किती येते ते पाहायचं. ती तीसच्या खाली गेली तर तिथल्या वक्रावर कुणी माल विकायचा-ठेवायचा निर्णय घेऊ नये, आणि आपण तो आलेखात छापूही नये.

वक्र खरा की रेषाच बरी

डोळ्यांना वाकलेलं दिसणं पुरेसं नाही. चाचणी अशी करा. ग रेषीय धरून मॉडेल बसवा. मग मोकळा वक्र आणि रेषा यांतल्या अंतराच्या वर्गांची बेरीज काढा, पण त्याआधी रेषेच्या किमतीही त्याच बँडविड्थनं गुळगुळीत करा. ही पायरी गाळली तर गुळगुळीत करण्यातला पूर्वग्रहच फरक म्हणून मोजला जातो. नंतर रेषीय मॉडेलच्या प्रत्येक अवशेषाला नाणेफेकीनं अधिक किंवा उणे चिन्ह लावा, ते रेषीय अंदाजात मिळवून नवी मालिका बनवा आणि तीच बेरीज पुन्हा काढा. ४९९ वेळा. मूळ बेरीज यांतल्या ९५ टक्क्यांहून मोठी असेल तर रेषा नाकारा. चिन्ह बदलताना अवशेषाचा आकार तसाच राहतो, त्यामुळे हंगामातले मोठे आणि उन्हाळ्यातले छोटे चढउतार आपापल्या जागी टिकतात.

रेषा नाकारली गेली आणि वक्रात मधे सपाट पट्टा दिसला, तर आणखी एक काम करण्याजोगं आहे. पट्ट्याच्या कडा वक्रावरून वाचा, उदाहरणार्थ उणे अडीच आणि अधिक तीन टक्के, आणि बाल्क-फॉम्बी यांच्या १९९७च्या मांडणीसारखं तीन अवस्थांचं उंबरठा-मॉडेल बसवा: मधे ओढ शून्य, दोन्ही बाजूंना वेगवेगळा गुणक. हे मॉडेल वक्राच्या विश्वासपट्ट्यात बसलं तर तेच वापरा. ते समजावून सांगायला सोपं आहे, टोकांना जास्त भरवशाचं आहे, आणि कडांची तुलना प्रत्यक्ष गाडीभाडं-हमालीच्या प्रति क्विंटल खर्चाशी करता येते. ४,५०० रुपये भावावर अडीच टक्के म्हणजे साधारण ११२ रुपये. हा आकडा आडत्याला दाखवा. तो वास्तवाला धरून आहे की नाही, हे तो लगेच सांगेल.

ओढीचा वेग आवकेनं बदलतो का

हा प्रश्न मराठवाड्यातल्या बाजारांसाठी सगळ्यांत रोचक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोंढा मालानं भरलेला असताना खरेदीदारांना बाजार बदलायची घाई नसते. मार्चनंतर थोडा माल उरला की वागणं वेगळं असू शकतं. यासाठी बदलत्या गुणकाचं मॉडेल: ग(तफावत) ऐवजी अ(मागची आवक) × तफावत. १९९३ साली चेन आणि त्से यांनी स्वप्रतिगामी, म्हणजे स्वतःच्याच मागच्या किमतींवर चालणाऱ्या, मालिकांसाठी अशी मॉडेलं मांडली. कृती अवघड नाही. आवकेचा लॉग घ्या, नाहीतर हंगामातले चार-सहा महाकाय आठवडे सगळी पट्टी व्यापतात. आवकेच्या प्रत्येक पातळीभोवती कर्नलची वजनं लावून साधं भारित रिग्रेशन चालवा आणि तफावतीचा गुणक नोंदवा. उणे ०.१ आला तर आठवड्याला तफावतीचा दहावा भाग मिटतो, म्हणजे ती निम्मी व्हायला साडेसहा आठवडे. उणे ०.३ आला तर जेमतेम दोन.

इथे एक सापळा आहे. आवक आणि महिना जवळजवळ एकच माहिती देतात. गुणक आवकेमुळे बदलतो की ओलाव्यामुळे, हे वेगळं करायला हंगामाच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांची मालिका वगळून तेच पुन्हा चालवा.

सॉफ्टवेअर आणि अंदाज

आर भाषेत एनपी पॅकेजात अंशतः रेषीय, एक-निर्देशांक आणि बदलत्या गुणकांची तिन्ही मॉडेलं तयार आहेत. त्यातलं क्रॉस-व्हॅलिडेशन संथ आहे आणि शेजारचे आठवडे बाहेर ठेवत नाही, म्हणून बँडविड्थ वर सांगितल्याप्रमाणे स्वतः शोधून पुरवावी. एमजीसीव्ही पॅकेज स्प्लाइननं, म्हणजे छोटे वक्र तुकडे गुळगुळीत जोडून, हेच काम सेकंदात करतं आणि दोन वक्रांची बेरीज तिथे सोपी पडते. पण उरलेला स्वसहसंबंध तेही वक्रात ओढून घेतं. मॉडेल बसवल्यावर अवशेषांचा स्वसहसंबंध-आलेख पाहिल्याशिवाय वक्राकडे पाहू नका. पहिल्या आठवड्याचा दांडा उंच असेल तर आणखी एक मागचा बदल रेषीय भागात घाला.

अंदाजाची परीक्षा मालिकेच्या शेवटच्या दोन वर्षांवर घ्या. प्रत्येक आठवड्याला फक्त तोपर्यंतचे आकडे वापरून मॉडेल पुन्हा बसवा आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज नोंदवा. बँडविड्थसुद्धा त्या दोन वर्षांचे आकडे न पाहता ठरलेली हवी. तुलना दोघांशी: ‘भाव आहे तसाच राहील’ हा अंदाज आणि साधं रेषीय मॉडेल. फरक खरा आहे का, यासाठी १९९५ची डायबोल्ड-मारियानो चाचणी. सरासरी चुकीत वक्राचा फायदा किरकोळ निघणं अगदी शक्य आहे, कारण बहुतेक आठवडे तफावत मधल्या पट्ट्यातच असते. म्हणून तफावत पट्ट्याबाहेर असलेले आठवडे वेगळे काढून त्यांच्यावरची चूकही स्वतंत्र नोंदवा. वक्र घातला तो त्या आठवड्यांसाठीच.

चार आठवड्यांपुढचा अंदाज हवा असेल तर एका आठवड्याचा अंदाज पुन्हा वक्रात घालून पुढे ढकलू नका. तफावतीच्या सरासरीवर वक्राची किंमत आणि वक्राच्या किमतींची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सपाट पट्ट्याच्या कडेला तर फारच वेगळ्या. त्याऐवजी अवशेषांतून यादृच्छिक धक्के उचलून हजारभर वाटा चालवा आणि चौथ्या आठवड्याला त्या वाटांची सरासरी व १०वं-९०वं शतमक घ्या. त्यासाठी इंदूरच्या भावाचंही असंच एक छोटं समीकरण लागतं. लातूर आणि इंदूरचे धक्के एकाच आठवड्यातून जोडीनं उचलायचे, कारण ते एकत्रच येतात.

मॉडेल वर्षातून एकदा, नवी आवक सुरू होण्याआधी सप्टेंबरमध्ये, पुन्हा बसवणं पुरेसं आहे. हंगामाच्या मधे बँडविड्थ बदलू नका, नाहीतर ऑक्टोबरचा अंदाज का चुकला हे शोधताना भाव बदलला की मॉडेल, हेच कळत नाही. त्याच वेळी हमीभावाचा नवा आकडाही तपासा. २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये झाला. सरकारी खरेदी जोरात सुरू असलेल्या आठवड्यांत मोंढ्यात येणारा माल वेगळ्या प्रतीचा असतो, म्हणून त्या आठवड्यांना स्वतंत्र शून्य-एक चल द्या.